मोठा के, धाकटा के

कॉम्प्युटरने "नक्की पुढे जायचं ना?" असं विचारलं की सगळं जग डोळे मिटून "यस" म्हणतं. आमच्या शेजारचे दिगंबरराव तेवढे म्हणत नाहीत. ते चष्मा पुसतात, वही उघडतात आणि मुलाला फोन लावतात.

दिगंबरराव सरकारी रेकॉर्ड खात्यातून निवृत्त. काचीगुड्यात त्यांची आणि आमची भिंत एकच. मुलगा प्रसाद शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला. त्याच्या घरच्या सर्व्हरवर घराण्याचे जुने फोटो आहेत. ते लावायचं काम वडिलांकडे. इथे बसून काळ्या खिडकीत ते हुकूम टाइप करतात आणि तिकडे एखादी मावशी एका फोल्डरातून उठून दुसऱ्यात जाते. माउसला हात लावत नाहीत. "माउस म्हणजे नुसतं बोट दाखवणं हो. हुकूम कसा, लेखी पाहिजे!"

हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. मी जळतो. माझा राहुल बंगळुरूला. फोन केला की "बोला बाबा, मीटिंगमध्ये आहे," म्हणतो; मग मी काय बोलणार? आणि भिंतीपलीकडून दर रविवारी सकाळी स्पीकरवर ऐकू येतं,

"मोठा के, बाबा."

"काचीगुड्याचा. पुढे?"

"धाकटा के."

"कुकटपल्लीचा! डोसे केलेस का रे आज? हौ, पुढे?"

अशी चाळीसेक इंग्रजी अक्षरं; कॅपिटल तो मोठा, स्मॉल तो धाकटा. पलीकडचा सर्व्हर आपलाच आहे, याची ती खूण. प्रसादने वाचायची, यांनी पडद्यावर ताडून वहीत टिचकी मारायची. "पैले पहचान, फिर प्रवेश!" हे त्यांचं ब्रीद. खूण पटायला अर्धा तास लागतो.

"शिका काहीतरी," आमची ही म्हणाली. मी शिकलो. राहुलच्या मागे लागून त्याच्या मशीनवर खातं उघडून घेतलं. मला तिथे काही काम नव्हतं, पण ते त्याला कशाला सांगा? पहिल्या रविवारी त्याने सगळी अक्षरं वाचली. मी मुद्दाम दोनदा चुकलो. दहा मिनिटं मिळाली! पुढच्या रविवारी वही-पेन घेऊन बसलो, तर मशीनने काही न विचारता मला सरळ आत घेतलं.

तणतणत दिगंबररावांकडे गेलो.

"एकदा ओळख पटली की मशीन लक्षात ठेवतं हो," ते म्हणाले. "पुन्हा कशाला विचारेल?"

"मग तुम्हाला कसं दर रविवारी विचारतं?"

दिगंबररावांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"एक हुकूम आहे," ते हळूच म्हणाले. "आपल्या मशीनमधली ओळख पुसून टाकायचा. शनिवारी संध्याकाळी देतो."

"प्रसादला कळत नाही?"

"तो इंजिनियर आहे, भाऊसाहेब. पहिल्याच महिन्यात कळलं असणार." वहीवरून त्यांनी हात फिरवला. "गेल्या रविवारी निम्म्यावर आल्यावर म्हणाला, बाबा, माझा एक धाकटा के राहिला वाटतं. आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला."

मी घरी आलो. जळफळाट कमी झाला नव्हता. उलट वाढलाच होता.

हुकूम मात्र मी वहीत उतरवून आणला होता. शनिवारची वाट बघतोय.