वसंतदादांचा लाल आकडा

वसंतदादांनी माझ्या डोक्याचा रंग मोजला, तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. दादा मागून आले, मुठीएवढं यंत्र माझ्या केसांना टेकवलं आणि भरल्या दुकानात जाहीर केलं, "मेंदी उतरून राहिली तुयी. मागच्या खेपेले आकडा चांगला होता."

दादा अमरावतीत माझे शेजारी. वलगावला त्यांनी ड्रॅगन फ्रूट लावलंय. नाव परदेशी असलं तरी ते शेवटी निवडुंगाचंच फळ. पण दादांनी त्यासाठी अकोल्याच्या एका रंगाच्या दुकानातून भिंतीचा रंग जुळवायचं जुनं यंत्र आणलं. फळाला टेकवायचं, हिरवं असलं तर उणे आकडा, लाल असलं तर अधिक. तीस आल्याशिवाय तोडायचं नाही. एकोणतिसाच्या फळाला मी एकदा हात घातला, तर मनगट धरून म्हणाले, "अंदाजानं सैपाक होते, शेती नाई!"

"मंग तो सैपाक काहून गिळता?" शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, ओरडल्या. त्या नुसतं अंगठ्यानं दाबून फळ पिकलं की नाही ते सांगत. आणि ते बरोबर निघे, हे दादांचं मोठं दुःख होतं.

तिसाची वाट पाहता पाहता निम्मी फळं बुलबुल फोडत. दादांनी चोच मारलेलं एक फळ मोजलं. बरोबर तीस! नुकसान राहिलं बाजूला, चेहरा असा फुलला की जणू बुलबुलानं त्यांना प्रमाणपत्र दिलं. "पाह्य, पाखराले बी समजते!" एक व्यापारी म्हणाला, "काका, गिऱ्हाईक आकडा खात नाई." त्याला दादांनी फाटकापर्यंत पोचवलं.

हे सगळं मी चहाच्या टपरीवर मीठमसाला लावून सांगत असे. लोक हसत, मला बरं वाटे. आता ते आठवलं की मान खाली जाते.

यंदा ऐन हंगामात वहिनी आजारी पडल्या. रक्त कमी. बाटल्या चढवल्या, पण अंगात टिकेना. दादांनी शेताचं नाव सोडलं. तिसाच्या पुढं गेलेली फळं खांबांवरच फुटली.

परवा भेटायला गेलो. दादा पलंगाशी बसले होते आणि यंत्र वहिनींच्या तळहाताला टेकवलेलं होतं. सवयीनं मला हसू येणार होतं. तेवढ्यात आकडा दिसला. सहा.

एकोणतिसाचे तीस ज्या माणसानं जन्मात केले नाहीत, तो म्हणाला, "अकरा! कालच्यापेक्षा चढला." आणि चहा ठेवतो म्हणून घाईनं आत गेला.

वहिनींनी हात माझ्यापुढं केला. "भाऊजी, तुमी मोजा बरं."

मी मोजलं. सहाच.

"आठ," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग पहिल्यासारख्या हसल्या. "ह्यायचे अकरा, तुमचे आठ. लबाडी तं ठरवून करत जा, बापा."

दादा कप घेऊन आले. यंत्र माझ्या हातात पाहून दारातच थबकले. "किती आला?"

"अकराच," वहिनी म्हणाल्या. "भाऊजीनं बी मोजला."