बोंडेचा कॅम

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात वामन बोंडेला कुणी नवी वस्तू दाखवत नाही. दाखवली की तो चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, "वापर काय?" बर्फ उपसायचं यंत्र असो की पन्नास माणसांचा कुकर, प्रश्न तोच. देशपांड्यांनी होणाऱ्या जावयाची ओळख करून दिली, तेव्हा बोंडेने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि तोंड उघडलं. शैलावहिनींनी वेळेवर नवऱ्याच्या तोंडात समोसा कोंबला म्हणून ते लग्न झालं.

बोंडे मूळचा अमरावतीचा. त्याने आणि मी गाड्यांच्या कंपनीत एकाच मजल्यावर जन्म काढला. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. याने साठच्या दशकातली एक लांबलचक निळी गाडी आणली आणि तिचं इंजिन काढून गराजमध्ये स्टँडवर चढवलं. बिग ब्लॉक, म्हणजे आठ सिलिंडरचं अजस्र धूड. त्याला नवा कॅमशाफ्ट आणि नवी सिलिंडर हेड बसवायची होती. कॅमशाफ्ट हा उंचवट्यांचा दांडा. इंजिनाचे व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचे, ते तो ठरवतो. हेडमधून हवा आत-बाहेर जाते. दोघांचं जुळावं लागतं.

हे जुळवणं बोंडेने पत्रिका बघितल्यासारखं चालवलं. त्याच्याकडे गेलं की चहाआधी कॅटलॉग यायचा.

"हेड मोठी आणि कॅम बारका," तो सांगायचा, "म्हणजे हजार माणसांचा हॉल घेतला आणि वाढायला एकच वाढपी."

"मग मोठा कॅम घे ना बाबा."

"वापर काय?"

असे कितीतरी उन्हाळे गेले. बोंडेच्या कॅमला स्थळं पुष्कळ येतात पण पसंत पडत नाहीत, असं मी इथल्या मराठी मंडळात सांगत सुटलो.

शेवटी एका ऑगस्टमध्ये, आमच्याकडे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, त्याने आम्हाला घरी बोलावलं. मोठ्या कॅमची गाडी नुसती उभी असली तरी धडधडते, छातीत ढोल वाजल्यासारखी. आम्ही कानांवर हात न्यायच्या तयारीत उभे. बोंडेने किल्ली फिरवली. गाडी फ्रिजसारखी गुणगुणली.

"चालू झाली का?" मागून कुणीतरी विचारलं.

मी म्हणालो, "बोंडे, वाघ म्हणून पाळलास आणि शेळी निघाली की रे. घाबरलास शेवटी."

"वापर बघून घेतलाय," एवढंच तो म्हणाला.

'घाबरट बोंडे' हे नाव मीच चालवलं. दिवाळीच्या कार्यक्रमात त्याच्यावर एक प्रवेशही लिहिला. पहिल्या रांगेत बसून तो हसला. पण त्यानंतर त्याच्याकडे गेलं की कॅटलॉग येईनासा झाला. नुसता चहा यायचा.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला हॉस्पिटलातून न्यायला निळी गाडी आली. स्टीअरिंगवर शैलावहिनी, शेजारी बोंडे. वहिनी अमेरिकेत ड्रायव्हिंग शिकल्या त्या अशाच एका सेकंडहँड गाडीवर, आणि ती विकली तेव्हा आठवडाभर बोंडेशी बोलल्या नव्हत्या. सिग्नलला गाडी लोण्यासारखी थांबली.

"बघा भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं वाटतं का? पाय अगदी पूर्वीसारखा आहे माझा."

बोंडे खिडकीबाहेर बघत होता.

मला घरी सोडण्याआधी त्यांच्याकडे जेवायला गेलो. गराजमध्ये एक बाथरूमचा वजनकाटा भिंतीला उभा टेकवलेला होता, आणि समोर खुर्ची. वहिनी आत गेल्यावर मी विचारलं, "हा उभा का?"

बोंडेने दाराकडे बघून घेतलं. "मोठा कॅम लावला की इंजिनाचा व्हॅक्यूम कमी पडतो. त्याच्याच जोरावर ब्रेक हलका लागतो. व्हॅक्यूम कमी, तर ब्रेक जड. ऑपरेशननंतर तिच्या पायात किती जोर उरलाय, ते विचारायचं कसं? म्हटलं, काटा अडकलाय, बसून पायाने जोरात दाबून बघ. जो आकडा आला त्यावरून कॅम घेतला. कॅमवरून हेड."

"मग हे सांगायचं नाही का आम्हाला?"

"तिच्या गुडघ्याचं? मंडळात?"

मी विचारलं, "तुला मोठा नको होता?"

तो काटा उचलून फडताळात ठेवत म्हणाला, "वाजतो छान."

हा मजकूर मंडळाच्या अंकात देण्याआधी मी वहिनींना वाचून दाखवला. "अहो, भिंतीला लावून वजनकाटा कोण दुरुस्त करतं?" त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. यांना मात्र सांगू नका." ती भीती नाही. दिवाळी अंक हातात दिला की बोंडे विचारतो, "वापर काय?", आणि परत करतो. या अंकाचा वापर एवढाच, की माझा 'घाबरट' हा शब्द मी सगळ्यांदेखत मागे घेतो.

यंदाच्या मिरवणुकीत मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. सिग्नल जवळ आला. शेजारच्या लेनमध्ये एक लाल गाडी धडधडत होती, आमच्या काचा हलत होत्या. बोंडेने डोळे मिटले आणि मान किंचित तिकडे कलती केली. वहिनींचा पाय ब्रेकवर गेला. तसं मिटल्या डोळ्यांनीच त्याने आपलं पाऊल खालच्या मॅटवर दाबलं, आणि गाडी थांबेपर्यंत उचललं नाही.