टायर-सियरचा छडा

सिरसाळ्याच्या चौकात बारा बाय आठचा फ्लेक्स उभा होता. त्यावर काळा गॉगल लावलेले योगीराज शेटे आणि खाली ठळक अक्षरांत: 'मराठवाड्याचे एकमेव गुप्तहेर. तल्लख बुद्धी, घारीची नजर. भेटा: शेटे किराणा, पिठाच्या गिरणीसमोर.' आपण गुप्तहेर आहोत हे गुप्त राहू नये, याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. टपालाने आलेलं गुप्तहेरीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून साखरेच्या पोत्यांवर टांगलं होतं आणि मेव्हण्याला, म्हणजे भारतला, सहायक नेमलं होतं. भारतला कोणी विचारलं नव्हतं. बहीण दिली तेव्हाच तो सोबत आला, असं दाजींचं, म्हणजे शेट्यांचं, म्हणणं.

त्या सकाळी बोंब उठली, अभिमन्यूशेठच्या जीपची स्टेपनी चोरीला गेली. जीप चौकातच पंक्चर झाली, चाक बदलायला बघतात तर स्टेपनी गायब.

"तासाभरात चोर हजर करतो," दाजी म्हणाले आणि थेट चाँदभाईच्या पंक्चरच्या दुकानाशेजारी चहा प्यायला बसले. कावून? तर टायर पंक्चरवाल्याकडेच जाणार! कप अर्धा झाला नाही तोच दुकानातून चाँदभाईच्या पोरीचा, नववीतल्या इरमचा आवाज आला: "अब्बा, टार्सियर डब्बे में रखी मैं. बस आने तक किसीको हात लगाने नक्को देव."

दाजींनी बशी खाली ठेवली. "ऐकलास? टायर-सियर!"

"दाजी, ती टार्सियर म्हणली."

"तेच की! आपल्यात टायर-बियर म्हणतात, त्यांच्यात टायर-सियर."

"पण तो बघा, डबा बुटाचा हाय. त्यात जीपचा टायर मावंल कसा?"

"हवा काढल्यावर."

भारतने तोंड उघडलं आणि परत मिटलं. अकरा वर्षांच्या नोकरीत तो एवढंच शिकला होता.

दहा मिनिटांत वीस माणसं जमली. एक म्हणाला, आपल्याला तर आधीपासूनच संशय होता. दुसरा म्हणाला, ह्यांचं असंच असतंय. ईदच्या दिवशी भरल्या ताटावरून उठून चाँदभाईने ज्यांची पंक्चरं काढून दिली होती, तेही माना डोलवत होते. त्यातल्या निम्म्यांची नावं भारतला तोंडपाठ होती. पण कशाला उगाच वाईटपणा घ्या, म्हणून तो गप्प राहिला.

डबा जप्त झाला. धरायला अर्थातच भारत.

"काका, दहाची बस हाय," इरम रडकुंडीला आली. "बीडला विज्ञान प्रदर्शन हाय. साडेबाराला नोंदणी बंद व्हतीय. तीन महिने लागलेत मला हे बनवायला."

"अट्टल चोर तीन महिने तयारी करतात," दाजी म्हणाले.

चाँदभाईने काळ्या हातांनी दुकानाची फळी बाजूला सारली. "दुकान धुंडाळा माझं. पण पोरीचा डबा सोडा."

तेवढ्यात बस आली, दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेली. इरम ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. भारतला लाज वाटली. डबा त्याच्याच हातात होता.

मग दाजी सगळ्यांना दिसतील असे आपल्या फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि त्यांनी झाकण उघडलं. आतून दोन लालभडक डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"आई गं!" मराठवाड्याचे एकमेव गुप्तहेर अभिमन्यूशेठच्या पाठीमागे गेले. तिथूनच दुसरा निष्कर्ष आला: "हाच! हाच येऊन टायर पळवतो!"

"मातीचा हाय, दाजी."

"मातीचा असल्याचं सोंग करतोय."

मुठीएवढा प्राणी होता. अंग चिकणमातीचं, शेपूट ब्रेकच्या वायरीचं, डोळे सायकलच्या मडगार्डवरच्या रिफ्लेक्टरचे.

इरमने ओढणीने तोंड पुसलं. "टार्सियर म्हणतात ह्याला. माकडाच्या कुळातला हाय, फिलिपिन्समधी असतो. ह्याचा एकेक डोळा ह्याच्या मेंदूएवढा असतो."

भारतने दाजींच्या गॉगलकडे बघितलं. हे प्रमाण त्याला अगदीच अनोळखी नव्हतं.

"डोळे जागच्या जागी फिरवता येत न्हाईत त्याला," इरम पुढे म्हणाली, "म्हणून मान पार मागं वळवतो. तुमी बी वळवा जरा, काका."

दाजींनी मान वळवली. वाऱ्याने फ्लेक्सचा खालचा कोपरा उडाला होता. मागे, बांबूंना टेकून, स्टेपनी.

"ही व्हय?" दाजी म्हणाले. "ही स्टेपनी न्हाई. हे फ्लेक्सचं वजन हाय. परवा वारा लई सुटलता. शेठच्या दारात बेवारस पडलतं, आणलं उचलून."

"बेवारस? माझ्या जीपला टेकवून ठेवलती बे!"

गर्दी खदखदून हसली. "चुकून झालं असंल," आधीपासून संशय असलेला म्हणाला. "होतंय माणसाकडून." चाँदभाईकडे नसलेला टायर अर्धा तास चोरी होता. दाजींकडे सापडला, तशी ती चूक झाली.

चाँदभाईने पुढे येऊन स्टेपनी ओढली, तसा फ्लेक्स धाडकन दाजींच्या अंगावर आला. पाच मिनिटांत चाक बसलं. पाना हातात तसाच धरून तो अभिमन्यूशेठसमोर उभा राहिला. "शेठ, जीप तयार हाय. पुढं तेलगावला ती बस गाठा. माझ्या पोरीला बसवून द्या."

शेठला नाही म्हणता येईना. ते स्टेअरिंगवर बसले. इरम मागे चढली आणि तिच्यामागून डबा घेऊन भारत.

"चुकलो बाळा," तो म्हणाला. "मला म्हाईत असून बोललो न्हाई."

"डबा नीट धरा, मामा," इरम म्हणाली. "खड्डे लई हायत."

भारतने डबा छातीशी धरला. मागून, फ्लेक्सखालून, ओळखीचा आवाज येत होता: "भारत! अरे भारत, कुठं चाललास? केस अजून संपली न्हाई!"

भारतला मान वळवता येत होती. त्याने वळवली नाही.