गालावरच्या चार रेघा

अंकुशच्या उजव्या गालावर चार रेघा होत्या. एकीखाली एक, पट्टीने आखल्यासारख्या. टॉकीजमधून बाहेर येताना त्याने गालावर हात ठेवला होता. पण स्कूटरची किल्ली काढायला हात खिशात गेला आणि तेजस्विनीने रेघा मोजून घेतल्या.

तिने लगेच काही विचारलं नाही. अकरा महिन्यांच्या गुड्डीच्या अंगावरचं पुरळसुद्धा ती आधी दोन दिवस मोजायची आणि मगच डॉक्टरांना विचारायची. वैनगंगेच्या पुलावरून आपल्या गावी, कारध्याला परतताना तिने मागून वाकून तो गाल पुन्हा पाहायचा प्रयत्न केला, पण मध्ये हेल्मेट आलं. अंकुश मात्र मजेत शीळ घालत होता. हेही तिने लक्षात ठेवलं.

गेले चार महिने त्यांचा रविवार असाच ठरलेला होता. तिकीट एकच काढायचं, भिंतीकडची जे-अठरा नंबरची खुर्ची. गुड्डीला टॉकीजचा आवाज सहन होत नसे, आणि आईबाप दोघेही नजरेआड गेले तर ती आजीकडे दहा मिनिटंही थांबत नसे. म्हणून मध्यंतरापर्यंत तेजस्विनी आत आणि अंकुश गुड्डीला घेऊन बाहेर बाकड्यावर. मध्यंतराला अदलाबदल. त्या वेळी अंकुश न चुकता खिशातला रुमाल पुढे करायचा आणि म्हणायचा, “घाम पूस.” आत एसी असताना कसला घाम, हा प्रश्न तिला आता पहिल्यांदाच पडला.

अंकुश मध्यंतराला आत जाताना कोमेजलेला असे आणि बाहेर येताना टवटवीत. सव्वा तासात माणूस एवढा टवटवीत कशाने होतो?

सोमवारी तिने कणीक मळताना हातातल्या बांगड्या गोळ्यावर दाबून पाहिल्या. वळ उमटले, पण वाकडे. अंकुशच्या गालावरचे सरळ होते. म्हणजे बांगड्या नव्हत्या. यावर समाधान मानावं, तर दुसरा विचार आला. सरळ वळ बाजेच्या दोरीचे असतात. टॉकीजच्या मागे वस्ती होती, आणि मार्च लागताच तिथे अंगणात बाजा टाकलेल्या तिने स्वतः पाहिल्या होत्या.

मंगळवारी पेपरात सिनेमाच्या पुरस्कारांची नामांकनं आली, नेमकी या दोघांनी पाहिलेल्या पाच सिनेमांना. त्याखाली ‘कुटुंबाची पसंती’ नावाचं कूपन होतं. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकमताने पाच रकाने भरायचे, खाली सह्या करायच्या. बक्षीस मिक्सर. तेजस्विनीच्या सासूबाईंचा, म्हणजे जानकीबाईंचा मिक्सर दिवाळीपासून बंद होता.

“आपल्या घरात दोन-दोन पिक्चरवाले हायेत,” सासरे टेकचंदजी चष्मा पुसत म्हणाले. त्यांनी शेवटचा सिनेमा पाहिला तेव्हा अंकुश रांगत होता. “बोला. उत्कृष्ट चित्रपट?”

“नावाड्याचा,” तेजस्विनी म्हणाली. “खूप संयत आहे, बाबा.”

“संयत म्हंजे काय वो?” जानकीबाईंनी विचारलं.

“म्हणजे उगाच आरडाओरडा नाही. गाणं नाही, मारामारी नाही. म्हातारा नाव वल्हवते, नुसता पाण्याचा आवाज.”

हे मत तिने अगदी मनापासून दिलं होतं. बाकीच्या चार सिनेमांमध्ये ती दचकून दोन-तीनदा जागी झाली होती. नावाड्याच्या सिनेमात मध्यंतरापर्यंत एकदाही नाही.

कारण सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या भागाबाबत तेजस्विनीची एक अडचण होती. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. दिवे मालवले की तिचं डोकं भिंतीला टेकायचं, ते मधलं दचकणं सोडलं तर थेट मध्यंतराला वर यायचं. नंतर बाहेर बाकड्यावर बसून ती मोबाइलवर परीक्षणं वाचायची आणि ‘संयत’, ‘सूचक’ असे शब्द घेऊन घरी यायची. गुड्डी झाल्यापासून तिला आठवड्यात सलग मिळणारी झोप तेवढीच. हे सासूबाईंना कळलं असतं, तर ‘झोपाचंच हाय त घरी झोपा’ असं त्या प्रेमानेच म्हणाल्या असत्या. आणि घरी झोप कशी लागते, हे तेजस्विनीला चांगलं ठाऊक होतं.

“सहायक अभिनेत्री?” टेकचंदजींनी पुढचा रकाना वाचला.

“ट्रकवाल्या पिक्चरमधली माय,” अंकुश ठासून म्हणाला. “शेवटी काय रडली बापा थे! अख्खी टॉकीज रडून राहिली होती.”

शेजारची रिता वाटी परत द्यायला आली होती, ती दारातच थबकली. “ट्रकवाल्याची माय? थे त दहाव्या मिनिटालेच मरते न, भाऊजी! मंग पिक्चरभर नुसता हार घातलेला फोटो दिसते तिचा.”

गुड्डी चमचा आपटत राहिली.

“हो न,” अंकुश म्हणाला. “मी थेच सांगून राहिलो. फोटोतून रडवलं तिनं. फोटोतून! म्हणून त नामांकन भेटलं.”

जानकीबाई सुनेकडे वळल्या. “तेजू, पयली अर्धी त तू पायते. मेली का थे?”

नवऱ्याला पकडायची याहून चांगली संधी आली नसती. ‘मेली, मी डोळ्यांनी पाहिलं,’ एवढंच म्हणायचं होतं. पण रिताने पुढे विचारलं असतं, कशाने मेली, कुठे मेली? तेजस्विनीने घसा साफ केला.

“मेली, आई. म्हणजे… तशी सूचक मेली.”

“असं होय,” जानकीबाई म्हणाल्या, आणि हा शब्द त्यांनी जपून ठेवल्यासारखी मान हलवली.

रकाना कोराच राहिला. पण तेजस्विनीच्या मनात सगळं स्पष्ट झालं होतं. ज्या माणसाने दुसरा अर्धा सिनेमा पाहिला, त्याला फोटोचा हार दिसला असता. अंकुशने तो पाहिलाच नव्हता. मग सव्वा तास तो होता कुठे? तो झोपत असेल, ही शंका तिला शिवलीसुद्धा नाही. रात्री गुड्डी उठली की तेजस्विनी उठायची आणि अंकुश घोरत असायचा. त्याला झोपेची काय कमी?

नामांकनं मिळाल्यामुळे टॉकीजने ते पाचही सिनेमे पुन्हा लावायला घेतले होते, दर आठवड्याला एक. या रविवारी पोलिसवाला होता.

“कूपनासाठी पुन्हा पाहावा लागंल,” अंकुश म्हणाला. “मत पक्कं कराले.”

“हो, पक्कं केलंच पाहिजे,” तेजस्विनी म्हणाली आणि त्याच्याकडे रोखून बघत राहिली.

त्या रविवारी ती ठरवून जागी राहणार होती. दिवे मालवले तसं तिने स्वतःला चिमटा काढला. दुसरा चिमटा काढायच्या आधीच मध्यंतराचे दिवे लागले होते.

“घाम पूस,” अंकुशने रुमाल दिला, गुड्डी दिली आणि लगबगीने आत गेला. माणूस पोलिसवाला दुसऱ्यांदा पाहायला इतक्या लगबगीने जात नाही.

दहा मिनिटं तिने कशीबशी काढली. मग ती दारावरच्या बाबुलालकडे गेली. बाबुलाल टॉर्च हलवत स्टुलावर बसला होता.

“बाबुलाल भाऊ, एक विचारू? आमचे हे आत काय करतेत?”

बाबुलाल गोंधळला. “टॉकीजमंधी माणूस काय करीन, भाभीजी?”

“सीटवरच असतेत न? मागच्या दारानं कुठं जात त नाही?”

“अजी, हलत पन नाई!”

“एकटेच?”

“आता अंधारात कोन कोनासंग हाय, मले काय मालूम?” बाबुलालने ते अगदी साधेपणाने सांगितलं. तेजस्विनीने मात्र गुड्डीला खांद्यावर घट्ट धरलं आणि दार ढकललं.

“भाभीजी, लेकरू घेऊन नोका जाऊ! फायरिंगचा सीन हाय!” म्हणत बाबुलाल टॉर्च घेऊन मागे धावला.

फायरिंग सुरू झालीच होती. तिसऱ्या गोळीला गुड्डीने असा टाहो फोडला की पडद्यावरचा गुंडही मागे वळून पाहतो की काय असं वाटलं.

“कोनाची पोट्टी होय बे थे?”

“बाहेर न्या न, बाई!”

तेजस्विनीने कुणाचं ऐकलं नाही. “टॉर्च मारा, भाऊ. जे-अठरा.”

बाबुलालने टॉर्च मारला. जे-अठरावर अंकुश होता. शेजारच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. त्याचं तोंड उघडं होतं, डोकं उजवीकडे कलून भिंतीला टेकलेलं होतं, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांपैकी चार आडव्या पट्ट्या त्याच्या गालात रुतलेल्या होत्या. गुड्डीचं रडणं कानावर पडताच त्याने डोळे न उघडता भिंतीवर हळूहळू थोपटायला सुरुवात केली.

“ओ ओ ओ… झोप माय… आई येते आता…”

तेजस्विनी बघतच राहिली. टॉर्च तिथून जरा पुढे सरकला. पुढच्या रांगेत भिंतीला टेकलेलं एक दाढीवालं डोकं होतं. त्याच्या पुढे एक बाई, मांडीवर बाळाच्या दुपट्यांची पिशवी. त्याच्या पुढे आणखी एक. भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत डोकीच डोकी टेकलेली होती, आणि पडद्यावर कोण कुणाला गोळी घालतंय याची एकालाही पर्वा नव्हती.

“भिंतीकडची लाइन आमी लेकुरवाळ्यायलेच देतो न, भाभीजी,” बाबुलाल फायरिंगच्या वर आवाज चढवून सांगू लागला. नेमकी त्याच वेळी फायरिंग थांबली. “तुमी पन पयल्या हाफले इतंच झोपता! मागच्या खेपेले त इंटरवलले मीच उठवलं तुमाले!”

हे अख्ख्या टॉकीजने ऐकलं. अंकुशही याच वाक्याला जागा झाला.

बाहेर बाकड्यावर दोघं गुड्डीला मध्ये घेऊन बसली. गुड्डी रुमाल चघळत होती.

“तुमाले मालूम होतं?” तेजस्विनीने विचारलं.

“तुया गालावर पन रायतेत रेघा. मंग रुमाल कायले देतो मी? जरा चोळून घेशील म्हणून.”

“आणि सांगितलं काहून नाही?”

“सांगितलं असतं त झोपली असती का तू? लाजेनं डोळे ताणून बसली असती.”

तिने त्याच्या गालाकडे पाहिलं. “पण तुमी कायले झोपता इथं? रात्रभर त घोरता.”

“रात्री तू गुड्डीले घेऊन उठते, त मी काय झोपतो?” अंकुश म्हणाला. “घोरण्याचा आवाज काढतो फक्त. जागा दिसलो त तू माह्याशी भांडशीन, का जागे हाय त घ्या पोरीले.”

हा खुलासा ऐकून त्याच्यावर चिडावं की नाही, हे तिला ठरवता येईना. तो निकाल तिने पुढे ढकलला. सध्या महत्त्वाचं हे होतं की आईंना काही कळता कामा नये. त्यासाठी कूपन नीट भरायला हवं होतं. मतं कोणाला द्यायची, हे दोघांनी बाबुलालला विचारून ठरवलं.

“मले विचारसान त नावाड्याची,” बाबुलाल म्हणाला. “थ्या पिक्चरले आपल्या टॉकीजमंधी एक बी लेकरू रडलं नाई.”

घरी दोघांचंही एकमत पाहून टेकचंदजी खूश झाले. चार रकाने भरले, तीन सह्याही झाल्या. उत्कृष्ट अभिनेत्री तेवढी राहिली होती. जानकीबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

“न पायलेल्या पिक्चरवर मी सही नाई करत. पुढच्या रविवारी नावाड्याचीच लागून राहिली न? आमी दोघं जातो. तुमी पोरीले पाहा.”

याला नाही कसं म्हणणार? एक रविवार जाईल, एवढंच, असं तेजस्विनीने स्वतःला समजावलं. तो रविवार गुड्डीने एक मिनिटही न झोपता साजरा केला. अंकुश घोडा झाला, तेजस्विनी मांजर झाली, संध्याकाळपर्यंत दोघांच्या डोळ्यांखाली काळं आलं.

दिवेलागणीला ऑटो थांबला. टेकचंदजी शीळ घालत उतरले. जानकीबाई अशा टवटवीत दिसत होत्या की तेजस्विनीला क्षणभर त्यांच्या लग्नाचा फोटो आठवला.

“काय पिक्चर होय बापा!” जानकीबाई म्हणाल्या. “एकदम थे… संयत. अन् सीटा पन चांगल्या भेटल्या. भिंतीकडच्या, एकामागं एक. बाबुलाल म्हणे, तुमी गुड्डीचे आजी-आजोबा न, तुमाले देतो बरोबर.”

त्यांनी पदर मागे सारला. उजव्या गालावर चार रेघा होत्या. टेकचंदजींच्याही होत्या, चष्मा मात्र खिशात होता.

“शेवटी नावाडी मेला का, आई?” तेजस्विनीने हळूच विचारलं.

जानकीबाईंनी डोळ्याचं पातंही हलू दिलं नाही. “मेला न. तसा सूचक मेला.” मग कूपनावर ऐसपैस सही करत त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी ट्रकवाली पायतो आमी. अजून तीन राहिल्या न? तुमच्या त पाचही पायून झाल्या. आता तुमाले टॉकीजमंधी जाऊन काय करायचं हाय?”

अंकुशने तेजस्विनीकडे पाहिलं, तेजस्विनीने अंकुशकडे. उत्तर दोघांनाही येत होतं. देता मात्र येत नव्हतं.

तिने पेन घेतलं. उत्कृष्ट अभिनेत्रीचा रकाना अजून कोरा होता. त्यात तिने ‘जान’ एवढं लिहिलं, सासूबाईंच्या गालाकडे एकदा पाहिलं, मग ते खोडलं आणि छापलेल्या पाचांतल्या पहिल्या नावावर खूण केली.