रामवाडीच्या लतिकाबाईंनी लाल गालिचा वाळविला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांनी हा प्रसंग डोळां पाहिला त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडून, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सर, वैशाख मास. कसबे पेण पैकी रामवाडी येथे सौभाग्यवती लतिकाबाईसाहेब यांनी गालिचे, सतरंज्या व जाजमे धुण्याचा कारखाना घातला, त्यावर घरचेच संकट चालून आले, आणि ते त्यांनी मिठाशी, पाण्याशी व वाऱ्याशी झुंज देऊन कैसे निवारिले, हे सावकाश ऐकावे. पदरचे काही वाढविले नाही; जेथे वाढलेसे वाटेल तेथे गालिचाच मोठा होता.

बाईसाहेबांचे यजमान राजमान्य राजश्री गोपाळकृष्णपंत, निवृत्त मुख्याध्यापक, रोहे येथील स्वरसभेचे अध्यक्ष. दारावरची पाटी पंतांची, गॅसचे कार्ड पंतांचे, टेलिफोन पंतांचा; आणि बाईसाहेबांचे नाव म्हणाल तर लग्नाच्या पत्रिकेनंतर कोठे छापून आले नव्हते. ऐसियास एकदा ठाण्यास भगिनीचे घरी त्या गेल्या असता तेथे एक कारागीर यंत्र घेऊन आला, आणि काळ्या पडलेल्या गालिच्यावर त्याने यंत्र फिरविले, मग मळाखालून निळे फूल वर आले. ते फूल पाहून बाईसाहेबांचे चित्त जे उडाले ते पुन्हा स्वयंपाकघरात पुरते परतले नाही. पुढे त्यांनी धूळ ओढण्याचे एक व फेस करण्याचे एक, अशी दोन यंत्रे आणिली, महामार्गालगत गाळा घेतला, आणि गाळ्यावर फलक चढविला : लतिका गालिचा धुलाई. त्या दिवशी त्या रस्ता ओलांडून पलीकडे उभ्या राहिल्या आणि आपलेच नाव परक्याचे वाचावे तैसे त्यांनी वाचिले.

कारखान्याची फौज म्हणजे खाडीकाठचे काळुराम आणि त्यांचे कुटुंब धोंडुबाई. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेली माणसे. काळुरामांनी वेताचा झोडपा उचलिला की गालिच्यातील धूळ आपण होऊन शरण येई, आणि धोंडुबाईंनी ब्रश धरिला की डागास अभय नसे.

पंतांस मात्र हा मनसबा रुचला नाही. ज्या शिष्यांस आपण रघुवंश शिकविला त्यांची जाजमे आपल्या घरातून धुतली जावी, हे त्यांस सोसवेना. त्यांनी पुष्कळ दिवस मौन धरिले, मग मौनही कोणी मनावर घेत नाही ऐसे पाहून हुकूम केला तो ऐसा जे : स्वरसभेचा लाल गालिचा तुम्हांकडे देतो, वैशाखाच्या सभेस तो निर्मळ व कोरडा रोह्यास पोचावा, दिवेलागणीस आम्ही स्वहस्ते चाचपून पाहू, दमट लागला तर फलक उतरावा आणि पुन्हा हा विषय घरात निघू नये. बाईसाहेबांनी डाळीस फोडणी देता देता हुकूम मान्य केला.

गालिचा आला तो तिघांच्या खांद्यावरून आला. मग काळुरामांनी झोडपा चालविला, तेव्हां चहा, तंबाखू, सुपारी आणि कित्येक गवयांच्या रात्री धुळीरूपे बाहेर पडल्या. मग यंत्रे चालली, आणि फेसाच्या लोटाखाली धोंडुबाई दिसेनात. आणि मग तांबडी जमीन, पोपटी वेल व काठास मोर ऐसे सर्व प्रकट झाले. काळुराम पाहून म्हणाले, "ह्ये पाखरू आतच व्हता व्हय? येवढी वर्सं बुडाखाली?"

येथवर मोहीम फत्तेच होती. परंतु गाळ्यासमोर नवी इमारत उठलेली, ऊन येते न येते, आणि एवढे जाड विणकाम वाळवावे कोठे, याची मसलत बसली. काळुरामांनी सल्ला दिला, "वहिनी, ऊन बगाचा तर आमच्या मिठागरावं चला. तिथं उभा पानी वालतं, गालिचा काय हाय." सल्ला सर्वांस पटला, बाईसाहेबांसही पटला. गालिचा मिठागराच्या बांधावर पसरिला. वर आकाश निरभ्र, खाली पांढऱ्या मिठाच्या राशी, आणि खाडीवरून वारा असा की पदर आवरता पुरेवाट व्हावी. तिसऱ्या प्रहरी गालिचा पापडासारखा खणखणीत वाजू लागला, आणि वाजतगाजत गाळ्यात आला.

दिवेलागणीस बाईसाहेबांनी हात फिरविला तो गालिचा ओला. दुसरे दिवशी पुन्हा बांधावर नेला, पुन्हा खणखणीत वाजला, आणि संध्याकाळी पुन्हा ओला. घरी पंत विचारीत, "गालिचा कैसा आहे?" बाईसाहेब सांगत, "वाळतो आहे," आणि ते असत्यही नव्हते, तो रोजच वाळत होता. सभा उद्यावर आली आणि गालिचा ओलाच.

त्या संध्याकाळी बाईसाहेब हवालदिल होऊन गालिच्यावर बसल्या. फलक उतरलेला, खिळ्यांची भोके तेवढी राहिलेली, ऐसे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येऊ लागले. ओला हात ओठांस लागला आणि त्या थबकल्या. मग त्यांनी बोट पुन्हा गालिच्यास लाविले आणि जिभेस लाविले. खारट. खाडीवरच्या वाऱ्याने मीठ आणून धाग्याधाग्यात भरिले होते, आणि पावसाळी बरणीतले मीठ जसे आपण होऊन पाझरते तैसे हे मीठ सांजच्या दमट हवेतले पाणी ओढून घेत होते. धोंडुबाईंनी ऐकिले आणि त्यांस काहीच विशेष वाटले नाही.

"त्यात काय नवल, वहिनी? आमची लुगडीपन सांजची वलीच असतात. लहानपनापासून."

काळुराम संतापले. "मग आधी बोलली का नाय गो?"

"मना काय ठाव, लोकांची वालतात ती? आनि तुमचा सदरा तुमाना नाय कलला कदी?"

काळुरामांनी आपल्या सदऱ्यास हात लाविला, तो ओला लागला. बाईसाहेबांस त्याही स्थितीत हसू आले, आणि हसू आले तेव्हां धीरही आला.

आता गालिचा गोड्या पाण्याने विसळावयाचा, तर वैशाखात पेणेचे नळ पूजेपुरते पाणी देत. वाहते गोडे पाणी म्हणजे रोह्याची कुंडलिका. तेव्हां हमरापूरच्या निलेशचा टेम्पो बोलाविला. या टेम्पोवर गणपतीच्या मूर्ती झाकण्यासाठी बांबूचा सांगाडा कायम बांधलेला असे. पहाटे कूच केले आणि उजाडता गालिचा कुंडलिकेत सोडिला. मग चौघांनी तुडवून तुडवून खारेपण काढिले, आणि बाईसाहेब दर वेळी बोट जिभेस लावून पाहत, आणि पाण्यास मिठाची चव राहिली नाही तेव्हांच त्यांनी वर काढण्याचा हुकूम दिला.

परंतु असे भिजलेले धूड दिवेलागणीपर्यंत काठावर वाळणे अशक्य. तेव्हां बाईसाहेबांनी मसलत केली, जी पूर्वी कोणी केल्याचे ऐकिवात नाही : गालिचा बांबूच्या सांगाड्यावर आडवा ताणावा, एकेक कोपरा एकेकाने धरावा, आणि टेम्पो रोह्यापासून भिसे खिंडीपर्यंत आणि खिंडीपासून रोह्यापर्यंत पळवीत राहावा. निलेश म्हणाला, "काकू, लोक हसतील." बाईसाहेब म्हणाल्या, "हसू देत. हसणारा फुंकर तरी घालतो."

मग टेम्पो सुटला. तांबडा गालिचा वाऱ्याने फुगला आणि जरीपटक्यासारखा फडकू लागला. काठावरचे मोर उडू पाहू लागले. काळुराम, धोंडुबाई आणि बाईसाहेब तीन कोपरे धरून उभे. चौथा बांबूस सुतळीने बांधलेला. पाणी उडाले, मग तुषार उडाले, मग नुसता वारा उडू लागला. ऊन कलता कलता शेवटची फेरी चालली असता भिसे खिंडीच्या ऐन वळणावर सुतळी तुटली, चौथा कोपरा निलेशच्या काचेवर येऊन बसला, आणि टेम्पो खिंडीत आडवा उभा राहिला. मागून पेणेहून आलेली एसटी थांबली. तीत धाटावच्या कारखान्यांतील दुसऱ्या शिफ्टची मंडळी, त्यांनी खिडक्यांतून माना काढल्या.

"ए निलेश, वरात कोनाची रं?"

"गालिच्याची."

"नवरी कुठं हाय?"

"ही काय, वालत घातलीय."

बस हसली. मागल्या बाकावरून एकजण म्हणाला, "त्या बाईला घरातलं कोन हाय का नाय?"

तेव्हां पुढल्या बाकावरून ओळखीचा, वर्गात सवयीचा आवाज आला. "आहे. मी आहे."

खिडक्यांतल्या माना आत गेल्या. पंत छत्री घेऊन खाली उतरले, आणि बाईसाहेबांनी मनाशी म्हटले की फलक आता येथेच, या खिंडीतच उतरला. पंतांनी गालिचा वरपासून खालपर्यंत पाहिला. मोरांजवळ त्यांची नजर थोडी थांबली. हे मोर त्यांनीही कधी पाहिले नव्हते. मग लोंबता कोपरा छत्रीच्या टोकाने दाखवून ते म्हणाले, "हा कोपरा कोणाकडे?"

"कोनाकडं नाय, सायेब," काळुराम म्हणाले. "मानूस कमी पडतो."

पंतांनी छत्री कंडक्टरकडे दिली, धोतराचा सोगा खोचला, आणि ते टेम्पोत चढले.

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, निवाडा तुम्हालाच करायचाय ना?"

"निवाडा संध्याकाळी," पंत म्हणाले. "आत्ता खिंड मोकळी करायची आहे."

आणि टेम्पो पुढे, एसटी मागे, ऐसा लवाजमा रोह्यात शिरला. पंत समोर पाहत होते, दोन्ही मुठींत कोपरा घट्ट चुरगळून धरलेला, आणि रस्त्यात ओळखीचे दिसले तर नमस्कारास हात मोकळा नव्हता.

दिवेलागणीस स्वरसभेत गालिचा अंथरिला. मंडळी जमली, तानपुरे लागले, परंतु अध्यक्षांनी चाचपिल्यावाचून बसण्याची कोणास मुभा नव्हती. पंत गंभीरपणे वाकले. पहिला कोपरा चाचपिला, कोरडा, दुसरा कोरडा, तिसरा कोरडा, मध्यभाग ऊबदार. चौथ्या कोपऱ्यावर पंजा ठेविला आणि तो तेथेच राहिला. ज्या कोपऱ्यास वारा लागू दिला नाही, मुठीत धरून खिंडीपासून आणिला, तो कोपरा ओला होता. बाईसाहेबांनी दारातून पाहिले आणि त्यांस कळले. पंतांसही कळले.

मग पंत ताठ उभे राहिले आणि त्यांनी निवाडा सांगितला तो ऐसा जे : गालिचा सर्वांगी कोरडा आहे, मंडळींनी बसावे, आणि ज्यांच्या घरी जाजमे मळली असतील त्यांनी पेणेस रामवाडीत द्यावी, नाव फलकावर मोठ्या अक्षरांत आहे. इतके बोलून ते त्याच चौथ्या कोपऱ्यावर मांडी घालून बसले. मध्यंतरास सर्व उठले, पंत उठले नाहीत. चहा त्यांनी जागेवर मागविला आणि कप गालिच्याबाहेर, हातभर दूर ठेवविला. भैरवी झाली, मंडळी पांगली, तेव्हां ते उठले, आणि धोतरास मागे ओला ठसा घेऊन, कोणाकडे पाठ न करिता, भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडले.

येणेप्रमाणे वैशाख मासी लाल गालिच्याची मोहीम फत्ते जाहली. तीन कोपरे वाऱ्याने वाळविले आणि चौथा पंतांनी खासा बसून वाळविला, हे शाबीत. फलक रामवाडीत जागेवर आहे.