भिंतभर टीव्ही आणि निम्मे युनिट

हेडक्लार्कसाहेबांनी घरातला टीव्ही बंद केला, तो बायकोच्या एका वाक्यावरून.

जिन्याखाली दोनच मीटर. एक साहेबांचा, दुसरा समोरच्या ड्रॉइंग मास्तरांचा. मास्तरांनी भिंतभर टीव्ही आणला, तेव्हापासून साहेबांच्या पोटात दुखतच होतं (त्यांचा स्वतःचा टीव्ही सुटकेसएवढा). त्यात बायको पेटीतली दोन्ही बिलं घेऊन वर आली.

"अहो, एवढा मोठा टीव्ही, तरी मास्तरांचे युनिट आपल्या निम्मे! शिका जरा त्यांच्याकडून."

एकोणीस वर्षांच्या संसारात बायकोने परक्या पुरुषाचं कौतुक केलं नव्हतं. (साहेबांचंही केलं नव्हतं, पण ते सोडा.) साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"महिनाभर टीव्ही बंद! मास्तरांपेक्षा कमी युनिट आणले नाहीत, तर नाव बदलेन!"

"आणि माझी मालिका?" आईने विचारलं.

"पुस्तक वाच."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजले की घर सामसूम. साहेबांनी समोर डोकावून पाहिलं, तर आई, बायको आणि मुलगी मास्तरांच्या सोफ्यावर मांडी ठोकून बसलेल्या, आणि मास्तर आईच्या पाठीला उशी देतायत! साहेबांचा नुसता जळफळाट झाला. पण मनात म्हणाले, बघा हं, आता मास्तरांचा मीटर कसा पळत सुटतो!

एकट्याला करमेना, म्हणून ते रोज गिझर लावून तासभर आंघोळ करू लागले.

बिलं आली. मास्तरांचे नऊ युनिट वाढले होते. साहेबांचे पन्नास.

"मीटर बिघडलाय!" म्हणत त्यांनी वायरमनला बोलावलं.

"साहेब, टीव्ही बिचारा खातो किती? तुमचा गिझर तासाभरात जेवढी वीज खातो, तेवढ्यात टीव्ही आठवडाभर चालेल."

"मग मास्तर काय थंड पाण्याने आंघोळ करतात?"

वायरमनने वर बोट दाखवलं. गच्चीवर मास्तरांचा पाणी तापवायचा सोलर ऐटीत ऊन खात होता. महिनाभर साहेब खाली वाकून मीटर बघत होते, वर बघायची सवड कुणाला होती?

"अहो," बायको म्हणाली, "मास्तरांनी निरोप दिलाय. संकोच करू नका, आंघोळीला आमच्याकडेच या म्हणाले."

"मेलो तरी जाणार नाही!" साहेब गरजले.

गिझर बंद करून दोन दिवस थंड पाण्याने काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून, मान खाली घालून ते मास्तरांच्या हॉलमधून बाथरूमकडे निघाले.

"बाजूला हो रे," आई म्हणाली, "टीव्ही दिसत नाही."