अडतीस पूर्ण

"हे बघा," बसच्या पायरीवर एक पाय ठेवून बायको म्हणाली, "आज तुम्ही पॅसेंजर. नुसते पॅसेंजर. परक्या देशात येऊन कुणाला पुढे सरका, मागे सरका करायचं नाही. कबूल?"

"कबूल," निवृत्त कंडक्टर म्हणाला, आणि चढता चढता त्याने मागच्या टायरकडे एक नजर टाकलीच.

एकतीस वर्षं त्याने एसटीत काढली होती. त्या एकतीस वर्षांत लेकीचं शाळेतलं बक्षीस, तिचं नाटक, कॉलेजचा निरोपसमारंभ, सगळं त्याने दुसऱ्या दिवशी फोटोतच पाहिलं. घरातल्या भिंतीवर सतरा फोटो होते आणि एकातही हा नव्हता. जेव्हा बघावं तेव्हा ड्युटी! आता लेक या देशात नोकरी करत होती आणि आज दुपारी चार वाजता इथल्या सरकारी कचेरीत तिचं लग्न लागणार होतं. "बाबा, या वेळी तरी फोटोत या," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. विमानतळाच्या शहरापासून तिचं शहर बसने सात तासांवर. सहाची बस एकला पोचणार. तीन तास हाताशी राखूनच त्याने तिकिटं काढायला लावली होती.

पण बसमध्ये बसल्या बसल्या त्याच्या जिवाची घालमेल सुरू झाली. या बसला कंडक्टरच नव्हता! ड्रायव्हर एकटाच तिकिटं बघत होता, सामान चढवत होता, दार लावत होता आणि वर च्युइंगम चघळत होता.

"अगं, माणसं कोण मोजणार?"

"कुणी नाही. डोळे मिटा."

तिने स्टीलच्या बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून तोंडावर टाकला आणि मान मागे टाकली. बाहेर सकाळी सहालाच ऊन असं चढलं होतं की पुढे खिडकीच्या काचेला हात लावायची सोय राहणार नव्हती. याने मात्र हळूच वळून सगळी डोकी मोजली. बायकोसकट अडतीस. मग त्याला जरा बरं वाटलं.

साडेनऊला बस एका पंपावर थांबली. ड्रायव्हरने दोन्ही हातांची बोटं दाखवली, म्हणजे दहा मिनिटं. सगळे उतरून सावली शोधायला पांगले. बायको गाढ झोपली होती. फोन तिच्याच पर्समध्ये होता. हा खाली उतरला, पाय मोकळे केले, आणि दहा मिनिटं संपत आली तसा दाराशी जाऊन उभा राहिला. का? काही नाही, सवय. माणसं चढत गेली, हा आत झोपलेल्या बायकोपासून मनात मोजत गेला. पस्तीस, छत्तीस. कडेवर पोर घेतलेली एक बाई धावत आली, ती दोघं धरून अडतीस. पूर्ण!

एकतीस वर्षांत हा शब्द मनात आला की जे व्हायचं तेच झालं. हात आपोआप उठला आणि बसच्या पत्र्यावर दोन सणसणीत थापा पडल्या. धाड, धाड! डबल बेल.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं, मान डोलावली, दार लावलं आणि बस सोडली. इतकी झकास गाडी सुटलेली पाहून कंडक्टरला क्षणभर समाधानच वाटलं. मग उमगलं. त्याने सगळी डोकी मोजली होती, एक सोडून. कंडक्टर स्वतःला कधी पॅसेंजरांत धरतो का हो?

"अरे थांबव! ए!" तो बसच्या मागे धावला. पण गाडी थांबवायच्या एका थापेसाठी आता पत्रा हाताला येत नव्हता.

तेवढ्यात टरबुजांचा एक ट्रक पंपावरून निघाला. कंडक्टरने आडवं होऊन तो थांबवला, बसकडे बोट केलं, हात जोडले, मग मनगटावरचं घड्याळ दाखवून लग्नाची माळ घालायचा अभिनय केला. ट्रकवाल्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने दार उघडलं. ट्रक मात्र जेमतेम चाळीसच्या वर जाईना.

"दाब की रे बाबा, दाब!" कंडक्टर म्हणाला. ट्रकवाल्याने प्रेमाने त्याला टरबुजाची फोड दिली.

असा पाऊण तास गेला. तिसरी फोड अर्धी खाऊन झाली असेल नसेल, तोच दुभाजकापलीकडून समोरून एक बस धूळ उडवत आली. तीच बस! पुढे ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहून हातवारे करत होती ती त्याचीच बायको. बस त्याला आणायला पंपाकडे परत निघाली होती.

"अगं ए! मी इकडे!" त्याने फोडीसकट हात हलवला. बस सुसाट निघून गेली.

त्याने ट्रकच्या दारावर एकच थाप मारली. ट्रक थांबला. तो उतरला, ट्रक गेला, आणि आजूबाजूला झाडही नसलेल्या रस्त्यावर तो एकटा उरला. आयुष्यभर त्याने हजारो लोकांना बजावलं होतं, 'गाडी चुकली तर होता तिथेच थांबा, पळापळ करू नका.' आणि स्वतः? "गाढव आहेस," तो स्वतःला मोठ्याने म्हणाला. इथे ऐकून घेणारं कुणी नव्हतं. हा अठरावा फोटोही आता आपल्याविना निघणार, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

सव्वादोन तासांनी बस दिसली. तो रस्त्यातच उभा राहिला. दार उघडलं. दारात बायको.

"तासभर शोधलं, पंपावरचे संडाससुद्धा ठोठावले आम्ही! कुठे उलथला होतात?"

"तुम्हाला गाठायलाच निघालो होतो."

"आणि बस सोडली कोणी? ड्रायव्हर सांगतोय, खालच्या माणसाने थापा मारल्या. कोण तो माणूस?"

कंडक्टरने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"वाटलंच मला. जाग आली, बघते तर शेजारची सीट रिकामी. वरच्या फळीवर बाटली हाणली एकदाच. सिंगल बेल! करकचून थांबली गाडी. मग लेकीला फोन लावून ड्रायव्हरच्या कानाला दिला. चला, बसा आता गप."

सगळी बस त्याच्याकडे बघत होती. त्याने मान खाली घातली. बायको मात्र सीटवर गेली नाही. तिने बोटाने एकेक डोकं मोजलं, शेवटी त्याच्या डोक्यावर टिचकी मारली आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या. ड्रायव्हरने निमूट गिअर टाकला. पुढच्या दोन थांब्यांवरही तो तिच्या थापांची वाट बघत होता.

चारला दहा कमी असताना बस स्टँडवर न जाता थेट कचेरीच्या दारात उभी राहिली. लेकीने फोनवरून पत्ता सांगितला होता. ज्या लग्नापायी आपले तीन तास गेले ते बघितल्याशिवाय एकही पॅसेंजर हलायला तयार नव्हता. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि लेक बापाच्या गळ्यात पडून इतकी रडली की जावयाने आपला रुमाल दोघांमध्ये वाटून दिला.

मग फोटो. कचेरीच्या पायऱ्यांवर नवराबायको, आई, ड्रायव्हर आणि सगळी बस. गर्दी कॅमेऱ्यात मावेना.

"अहो, तुम्ही जरा मागे सरका! ताई, तुम्ही पुढे!" कंडक्टर कॅमेरावाल्याशेजारी उभा राहून ओरडत होता. कुणाला भाषा कळत नव्हती, पण सगळे सरकत होते. त्याने डोकी मोजली. अडतीस, ड्रायव्हर, लेक, जावई. पूर्ण! शेजारच्या टेबलावर त्याचा हात दोनदा पडला. कॅमेरावाल्याने बटणावर बोट ठेवलं.

धाड!

पायऱ्यांवर बायकोने लोखंडी कठड्यावर बाटली हाणली होती. एकदाच. सगळे जागच्या जागी थबकले.

"थांबा," ती म्हणाली. "एक पॅसेंजर खाली राहिलाय."